अप्परवाले भाऊ

रामटेकात पिकअप बम आहेत. त्यांतल्या बहुतेक दिवसा सारख्याच दिसतात. पांढरा रंग, केबिनवर 'श्रीराम प्रसन्न', फाळक्यावर पोरांची नावं. धान गिरणीवर पोचवायचं, भाजी कळमन्याच्या बाजारात न्यायची, लग्नसराईत मंडपाचे बांबू आणि खुर्च्या नगरधनपर्यंत सोडायच्या, हा यांचा धंदा. म्हणून अप्परवाले भाऊ दिवसा ओळखू येत नाहीत. रात्री मनसर चौकातून त्यांची गाडी रामटेककडे वळली की मात्र अख्खा रस्ता त्यांना ओळखतो. समोरून पांढराशुभ्र प्रलय येतो, रस्त्याची कड नाहीशी होते, दुचाकीवाला पाय टेकवून उभा राहतो आणि अंदाजानंच म्हणतो, "भाऊ चालले वाटते!"

भाऊंची गाडी शोरूममधून आली तेव्हा तिला कंपनीचे साधे हॅलोजन बल्ब होते. एच फोर, 12 व्होल्ट, अप्परला 60 वॅट आणि डिप्परला 55. पहिल्याच रात्री भाऊंनी निकाल दिला, "हा लाइट हाय का चिमणी? आपला रस्ता पाहाले आपल्यालेच उतरून जा लागते." दुसऱ्या दिवशी शंभर-नव्वदचे बल्ब आले. उजेड वाढला, पण कंपनीची वायर नव्वद वॅटच्या हिशेबानं ओढलेली नव्हती. पारशिवनीच्या वाटेवर होल्डर वितळला आणि केबिनमध्ये जळका वास सुटला. भाऊंनी आधी क्लीनरच्या बिडीवर संशय घेतला. मग रिले आला, जाड वायरिंग आलं आणि शेवटी, काळाच्या पुढे असलेल्या माणसाला जे शोभतं ते, एलईडी आलं.

एलईडी बल्ब घेताना भाऊंना पाहणं हे शिक्षण आहे. ज्या दुकानात टायर घेताना ते दोन तास घासाघीस करतात, तिथं बल्बाचा डबा त्यांनी उजेडाकडे धरून वाचला. डब्यावर लिहिलं होतं, 20,000 लुमेन. कंपनीचा एच फोर अप्परला साधारण 1,650 आणि डिप्परला 1,000 लुमेन देतो. म्हणजे त्या डब्यात कंपनीचे बारा बल्ब मावत होते. डब्यावरची अशी आकडेवारी निवडणुकीच्या जाहीरनाम्याइतपत धरायची असते. पण भाऊ दोन्हींवर विश्वास ठेवणारे. त्याखाली लिहिलं होतं, 6000 के.

"के म्हणजे हजार," भाऊंनी दुकानदारालाच समजावलं. "सहा हजार के. म्हणजे साठ लाख!"

तो 'के' केल्विनचा. त्यात उजेड किती हे नसतं, उजेडाचा रंग असतो. हॅलोजनचा पिवळसर उजेड 3,200 केल्विनच्या आसपास, दुपारच्या उन्हासारखा पांढरा सहा हजाराच्या जवळ, आणि आठ हजाराला तो निळा पडतो. आकडा चढला म्हणून रस्ता जास्त दिसत नाही, ओल्या डांबरावर तर कमीच दिसतो. हे दुकानदाराला ठाऊक असावं. पण साठ लाखांचं गिऱ्हाईक कोण तोडतो? त्यानं फक्त विचारलं, "भाऊ, आठ हजार के पण हाय. दाखवू?"

बल्ब बसवताना आणखी एक पेच आला. एलईडीला पुढून आच नसते, ती मागून निघते. म्हणून त्याच्या पाठीला ॲल्युमिनियमच्या पाकळ्या आणि छोटा पंखा असतो. तो पंखा हेडलाइटच्या मागच्या रबरी टोपीत मावेना. इलेक्ट्रिशियननं टोपी कापली. "हवा लागली पाहिजे त्याले," भाऊ म्हणाले. त्यांच्या घरी मे महिन्यात कूलरची मोटर बंद आहे, पण बल्बाला हवा लागली. त्या कापलेल्या भोकातून उन्हाळ्यात धूळ आणि पावसाळ्यात वाफ आत गेली, आणि पोळ्यापर्यंत डाव्या हेडलाइटमध्ये खिंडसी तलावाचं एक लहानसं पोटतळं तयार झालं.

वहिनींचं या विषयावर एकच म्हणणं आहे. "स्वयंपाकघरातला नऊ वॅटचा बल्ब जाऊन महिना झाला. तो आणाले यायले टाइम नाही, अन् गाडीले पंखेवाला दिवा!" त्यावर भाऊ शांतपणे म्हणतात, "तू स्वयंपाकघरात ऐंशीच्या स्पीडनं चालतेस का?" वादात हा माणूस हरत नाही.

भाऊंच्या बल्बात खोट असेलच असं नाही. अडचण बल्बाच्या घराची, म्हणजे हेडलाइटची आहे. एच फोर बल्बात दोन तारा असतात. डिप्परच्या तारेखाली पत्र्याची एवढीशी वाटी असते. ती अर्धा उजेड अडवते आणि उरलेला आरशाच्या वरच्या भागावर पडून खाली रस्त्यावर उतरतो. आरशाची प्रत्येक वळकटी त्या तारेची जागा धरून घडवलेली असते. तार मिलिमीटरभर हलली तरी हिशेब फिसकटतो. एलईडीत तार नसते, दोन बाजूंना दोन चिप असतात. त्या नेमक्या तारेच्या जागी, आडव्या, डावी-उजवीकडे तोंड करून बसल्या तर बरं. पंख्याला जागा व्हावी म्हणून बल्ब थोडा फिरवून बसवला, की उजेड जिथं वाट दिसेल तिथं जातो. भाऊंच्या गाडीचा काही उजेड रस्त्यावर, काही कडुलिंबाच्या शेंड्यावर आणि बाकीचा थेट गडमंदिराच्या कळसाकडे जातो. त्रिपुरी पौर्णिमेला गडावर टिपूर पेटतो, तेव्हा खालून कोणी उत्तर देत असेल तर ते भाऊ.

त्यातून पिकअपची एक खासियत. भाऊंनी एकदा मनावर घेऊन फोकस सेट केलाही होता, पण रिकाम्या गाडीत. मग मागं तीस कट्टे धान चढलं, पाटे दबले, मागचं बूड खाली गेलं आणि समोरचं नाक वर झालं. बीम एक अंश वर उचलला, तर पन्नास मीटरवर तो 87 सेंटिमीटर वर चढतो. म्हणजे रस्त्यावर पडणारा उजेड समोरच्याच्या छातीवरून डोळ्यांत. गाडी जितकी भरलेली तितका डिप्परही अप्पर. धानाच्या हंगामात तर भाऊंनी डिप्पर मारला काय आणि न मारला काय, खटक्याच्या आवाजाखेरीज फरक पडत नाही.

फॉग लाइटचा अध्याय वेगळा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे धानाच्या बांध्यांवर आणि खिंडसीच्या काठानं धुकं उतरतं. त्यासाठी बम्परला दिवे असतात, खाली बसवलेले, ज्यांचा उजेड आडवा पसरतो आणि वर उठत नाही. धुक्यात उजेड वर गेला की थेंबांवर आपटून आपल्याच डोळ्यांत परततो, म्हणून ही युक्ती. भाऊंनी त्यातही पांढरं एलईडी घातलं आणि नजर जास्त लांब जावी म्हणून तोंड वर केलं. आता ते दिवे बारा महिने चालू असतात. मे महिन्यात 45 अंशांत, टिपूर चांदण्यात, लग्नाच्या वरातीत, सगळीकडे धुक्याचा दिवा. धुकं खरोखर पडलं त्या पहाटे मात्र भाऊंसमोर पांढरी भिंत उभी राहिली. बटणं सगळी दाबून झाली, भिंत आणखी पांढरी झाली. शेवटी पुढे चाललेल्या एसटीच्या मागच्या लाल दिव्याला नजर बांधून भाऊ कामठीपर्यंत वीसच्या स्पीडनं गेले. त्या दिव्यात पाच-दहा वॅट असतील. भाऊंनी त्या दिवशी कळमन्यात कोणाशी लुमेनवर चर्चा केली नाही.

आता हे सगळं भाऊंनी हौसेसाठी केलं असं म्हटलं तर त्यांच्यावर अन्याय होईल. त्यांना विचारलं तर ते देवलापारकडची एक रात्र सांगतात. समोरून आलेल्या सिवनीच्या ट्रकनं डोळे दिपवले आणि गाडी कडेच्या मुरमात उतरली. "सामोरचा आंधळा करून राह्यला बे! मंग आपण काऊन चिमणी घेऊन फिरा?" त्या ट्रकवाल्याला गाठता आलं असतं तर त्यानं जबलपूरच्या बसचं नाव सांगितलं असतं. या वादात पहिला बल्ब कोणी लावला ते निघत नाही. प्रत्येक जण दुसऱ्याच्या उजेडात दिसेनासं झालं म्हणून स्वतःचा उजेड वाढवतो, आणि शेवटी महामार्गावर सगळ्यांचा उजेड भरपूर होतो आणि दिसत कोणालाच नाही.

याच महामार्गावर, राष्ट्रीय महामार्ग 44 पेंचच्या जंगलातून जातो तिथं, वाघ-चितळांना खालून जाता यावं म्हणून रस्ता उचलून धरला आहे. त्यांना गाड्यांचा उजेड आणि आवाज लागू नये म्हणून कडेला उंच पडदेही उभे केले आहेत. हे चांगलंच झालं. फक्त मनसर ते रामटेक सायकलनं घरी जाणाऱ्या माणसाला ना पडदा आहे ना खालून वाट.

कायद्यानं मात्र त्या माणसाचा विचार केला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 106 म्हणतो की दिव्याचा झोत असा खाली वळवलेला हवा, की दिव्यापासून आठ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर कोणाचा डोळा असेल तर तो दिपू नये. दिव्याचा नियम, पण मोजला आहे समोरच्याचा डोळा. भाऊंच्या आबांकडे जीप होती, तिच्या हेडलाइटचा वरचा भाग काळा रंगवलेला असे. तेव्हा बऱ्याच गाड्यांना तशी काळी पट्टी मारत. भाऊंना त्याचं कारण विचारलं तर ते म्हणतात, "तवा बल्ब चांगले येत. जास्त झालेला लाइट झाका लागे."

रामटेकच्या माणसानं तर हा नियम 1989 पर्यंत थांबून शिकायचीही गरज नव्हती. वा. वि. मिराशींनी ज्याला मेघदूतातला रामगिरी मानलं तो डोंगर भाऊंच्या अंगणातून दिसतो. तिथला यक्ष मेघाला वाट समजावताना सांगतो, की उज्जयिनीत दाट अंधाऱ्या रात्री बायका प्रियकरांच्या घरी निघालेल्या असतील. त्यांना कसोटीच्या दगडावरल्या सोन्याच्या रेघेसारखी वीज चमकवून जमीन दाखव, पण गडगडाट करू नकोस, त्या घाबरतील. रंग सोनेरी, उजेड जमिनीवर, आणि हॉर्न बंद. कालिदासानं सांगितलेलं परिवहन खात्याला पटलं. पायथ्याच्या भाऊंपर्यंत ते अजून पोचायचं आहे, कारण त्यांच्या गाडीला तीन सुरांचा प्रेशर हॉर्नही आहे.

इतकं बोलूनही एक सांगितलंच पाहिजे. रात्री दोन वाजता कोणाला साप चावला, कोणाची लेक अडली, की गाव ज्याचं दार वाजवतं ते भाऊंचं. ते बनियनवर गाडी काढतात, उपजिल्हा रुग्णालयात पोचवतात आणि डिझेलचे पैसे विचारले तर रागावतात. लग्नात लाइट गेली की पिकअप मंडपाकडे तोंड करून उभी करतात आणि अक्षता त्या उजेडात पडतात. त्या लग्नांच्या फोटोत नवरा, नवरी, भटजी आणि दोन्हीकडचे व्याही, सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात. भाऊंना वाटतं, भक्तिभावानं.

म्हणून भाऊंना बल्ब काढा असं सांगायला कोणी धजत नाही. मी एवढंच सुचवीन. भाऊ, एकदा तीस कट्टे धान भरून गाडी सपाट जागेवर उभी करा. पोराला ड्रायव्हरच्या सीटवर बसवून डिप्पर लावायला सांगा. आणि तुम्ही समोर या. आठ मीटरवर, अर्धा मीटर उजवीकडे, डोळे दीड मीटरवर येतील एवढं वाकून. डोळे उघडे राहिले तर तुमचं बरोबर आणि आमचं चूक. मिटावे लागले तर हेडलाइटच्या मागं फोकसचा स्क्रू असतो, तो फिरवायला पैसे पडत नाहीत. तो फिरवूनही झोत खाली येत नसेल, तर कंपनीचे जुने बल्ब परत बसवा.