गणतीमामा

बऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यात वाघ न पाहिलेला माणूस सापडणं कठीण. कुणी केळीला पाणी द्यायला गेला असताना पाहिला, कुणी असीरगडच्या रस्त्यावर मोटारसायकल पंक्चर झाली तेव्हा पाहिला, एकाच्या तर अंगणात येऊन दूध पिऊन गेला. रात्री नऊनंतर, गल्लीत यंत्रमागांची खटखट चालू असताना, चहाच्या टपरीवर हे सगळे वाघ एकेक करून हजर होतात. मग कोपऱ्यातल्या बाकावरून गणतीमामा विचारतात, "किती वाजता? किती लांबून? तोंड कुणीकडे होतं?"

पहिल्या प्रश्नापर्यंत वाघ हा वाघच असतो. दुसऱ्याला त्याचा बिबट्या होतो, तिसऱ्याला तरस. मामांनी खिशातून वही काढलीच, तर सांगणारा घाईघाईने चहाचे पैसे देऊ लागतो. "अंधार होता ना हो मामा. कुत्रंबी असंल."

मामा वहीत लिहितात: कुत्रे – १ (ऐकीव).

मामांचं खरं नाव रेशनकार्डावर आहे, ते तिथेच राहू द्यावं. उभी हयात त्यांनी एका यंत्रमाग कारखान्यात मुनिमी केली. थान मोजायचे, मीटर लिहायचे, ताळा जुळला नाही तर रात्री झोप नाही. निवृत्त झाले आणि बोटं रिकामी पडली. पहिली गणती जामा मशिदीच्या मिनारांवरच्या कबुतरांची केली. ती तीनदा चुकली, कारण कबुतरं थानासारखी घडी घालून बसत नाहीत. मग तापीच्या राजघाटावर गेले. त्या दिवसाच्या पानावर बगळे, टिटव्या, खंड्या यांच्याखाली एक नोंद आहे: हत्ती – १ (दगडी). नदीपात्रातला तो दगडी हत्ती सगळ्या बऱ्हाणपुराने पाहिला आहे. मोजला तो मामांनीच.

मामींचं यावर एकच म्हणणं असतं. "माशा मोजा म्हटलं तर मोजतील. हाकलणार नाहीत."

मामांचा आदर्श म्हणजे बादशहा जहाँगीर. वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत आपल्यासमोर किती जनावरं आणि पाखरं मारली गेली, याचा हिशेब त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवला आहे. एकूण २८,५३२, पैकी स्वतःच्या हाताने १७,१६७. त्यांत 'शेर' ८६ (हे वाघ की सिंह, यावर मामा वेगळे बोलतात, त्या दिवशी टपरी लवकर बंद होते), कबुतरं १०,३४८, कावळे ३,२७६ आणि चिमण्या ४१. एवढी हत्या वाचून मामांच्या जिवाला लागतं, पण शेवटच्या आकड्याशी आले की ऊर भरून येतो. "हिंदुस्थानचा बादशहा रे! आणि चिमण्या एक्केचाळीस. चाळीस लिहून मोकळा झाला नाही."

सध्याचं मामांचं मोठं काम नदीपलीकडे चालू आहे, जैनाबादच्या आहूखान्यात. आहू म्हणजे हरीण. मोगलांचं हे हरणांचं उपवन, शिकार करायची आणि हवा खायची जागा. १६३१ मध्ये मुमताज महल बऱ्हाणपुरात वारली तेव्हा तिला आधी जैनाबादच्या बागेतच पुरलं होतं. आग्र्याला नेलं ते सहाएक महिन्यांनी. आज तिथे पडक्या कमानी आहेत, गवत आहे आणि दर रविवारी मामा आहेत. पुठ्ठ्याला चिमट्याने कागद लावलेला, पेन दोऱ्याने गळ्यात. विषय: 'नागरिक मोकळ्या जागेत का येतात?' प्रश्न चौदा. येण्याचा हेतू – (अ) हवापालट, (आ) व्यायाम, (इ) इतिहास, (ई) इतर.

दीड वर्षाच्या पाहणीत असं दिसून आलं, की बहुसंख्य लोक 'इतर'साठी येतात. 'इतर' नेहमी दोघादोघांनी येतं, कमानीच्या सावलीला बसतं आणि पुठ्ठा दिसताच उठून चालू लागतं. हळूहळू आहूखान्यात येणारे निम्म्यावर आले. मामांनी ही घट तारीखवार नोंदली आहे. कारण मात्र त्यांना अजून सापडलेलं नाही.

मी एकदा म्हटलं, "मामा, हे 'इतर' काही आजचं नाही." आणि औरंगजेबाची गोष्ट सांगितली. शहजादा असताना तो याच आहूखान्यात फिरायला आला होता. हिराबाई नावाच्या गायिकेने उडी मारून फांदीवरचा आंबा तोडला. ते पाहून हा गडी बेशुद्ध पडला, असं सांगतात. मला वाटलं, मामा खूश होतील. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"तू होता तिथं?"

"मी कसा असेन?"

"मग ऐकीव." आणि लिहिलं: आंबा – १ (ऐकीव). मूर्च्छा – १ (ऐकीव).

त्यांच्या रविवारच्या पानावर पहिला रकाना हरणांचा असतो. आहूखाना म्हटल्यावर हरीण हवंच. त्या रकान्यात मामा दर रविवारी वळणदार अक्षरात ० काढतात. मी विचारलं, दर वेळी शून्यच आहे तर रिकामा का नाही सोडत? मामांना इतका राग आलेला मी कधी पाहिला नव्हता. "रिकामा म्हणजे कुणी बघितलंच नाही. शून्य म्हणजे बघितलं आणि नाही. हे तुला कळत नसंल तर आमच्या शेटजीकडं नोकरीला एक दिवस टिकला नसता तू."

मामांचा एकच शत्रू आहे आणि तो १९६७ मध्ये वारला. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन, इंग्रज फौजेतला पक्षितज्ज्ञ. हे नाव मामा अडखळत घेतात, पण दातओठ खात घेतात. भानगड अशी, की आपल्या खानदेशाच्या जंगलातला रानपिंगळा १८८४ नंतर शंभरावर वर्षं कुणाला दिसलाच नव्हता. डेव्हिडसन नावाच्या साहेबाने १८८०च्या दशकात खानदेशात मारून विलायतेला पाठवलेला एक रानपिंगळा तिथल्या संग्रहालयात होता. तो या कर्नलने चोरला, त्यात पुन्हा पेंढा भरला आणि 'मी १९१४ मध्ये गुजरातेत मिळवला' अशी चिठ्ठी त्याच्या पायाला बांधली. पामेला रासमुसेन या अमेरिकन बाईने ती लबाडी उघडकीला आणली. खोटी चिठ्ठी बाजूला ठेवून तिने आणि तिच्या दोघा सोबत्यांनी जुन्या खऱ्या जागांचा माग काढला, आणि १९९७च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळ तो बेटा भर उन्हात उघड्या फांदीवर बसलेला सापडला. पुढे मेळघाटात दिसला आणि आपल्या खकनारच्या रानातही.

खकनार म्हणजे आपल्याच जिल्ह्यात. मामांनी चार हिवाळे तिथे घालवले. वही सांगते: पिंगळा (साधा) – १. पिंगळा (साधा) – २. पिंगळा (साधा) – १. दोन पिंगळ्यांची चित्रं ते शेजारीशेजारी धरून दाखवतात: साध्याचं डोकं पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेलं, रानातल्याचं जवळजवळ कोरं. एका कोरकू म्हाताऱ्याने ती चित्रं पाहिली, कोऱ्या डोक्याच्या चित्रावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हा दिसतो की. तुम्ही नसता तेव्हा." तेही मामांनी लिहून घेतलं आहे. कंसात काय लिहिलं, ते सांगायला नको.

मला त्यांनी एकदाच बरोबर नेलं, मेळघाटात, बुद्धपौर्णिमेच्या रात्री, जनावरांच्या गणतीला. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ जंगलांतलं हे एक. वैशाखाच्या चांदण्यात पाणवठ्यावरच्या मचाणावर बसायचं, बोलायचं नाही, अत्तर लावायचं नाही, हलायचंही नाही. अकरा वाजेपर्यंत मामांच्या पानावर रानडुकरं ९, भेकर १ आणि डास 'असंख्य' एवढा ऐवज जमला होता. 'असंख्य' हा शब्द आपल्या हातून लिहिला गेला, याची खंत त्यांना आजही आहे. बाराच्या सुमाराला 'घोरणे – १ (सोबती)' अशी नोंद झाली. तिच्याबद्दल मी काही बोलणार नाही.

पावणेतीनला मला जाग आली ती माकडांच्या ओरडण्याने. पलीकडच्या बांबूत दोन डोळे. हिरवट, रुंद, जागच्या जागी. मी मामांचा दंड आवळला. "वाघ! मामा, वाघ!" डोळे मिनिटभर तसेच राहिले आणि विझले. मामांच्या कपाळावर घाम होता. चांदण्यात पानावर वाकून त्यांनी लिहिलं: डोळे – २. धनी अज्ञात.

परतीच्या बसमध्ये मी चिडलोच. वाघ लिहिला असता तर कुणाचं काय जाणार होतं? मामा खिडकीबाहेर बघत बोलले. राजस्थानात सरिस्का म्हणून जंगल आहे. पूर्वी पावलांचे ठसे काचेवर गिरवून वाघ मोजत. सरिस्क्यात अशा मोजणीचे वाघ कागदावर होते. २००५ मध्ये नीट शोधले तर एकही निघाला नाही, शिकाऱ्यांनी सगळे संपवले होते. कागद भरलेला होता म्हणून कुणाला घोर नव्हता. आता कॅमेरे लावतात, एकेका वाघाच्या पट्ट्यांचा फोटो जुळवतात. "प्रत्येकाचे पट्टे निराळे, आपल्या अंगठ्यावानी," मामा म्हणाले. "तुझ्या त्या डोळ्यांना पट्टे होते का?"

सिंधीपुऱ्यात परतल्यावर टपरीवर मी अर्थातच वाघ सांगितला. चांगला नऊ फुटी सांगितला. कोपऱ्यातल्या बाकावरून आवाज आला, "तोंड कुणीकडे होतं?" मी म्हटलं, डोळे दिसले म्हणजे आपल्याकडेच असणार! टपरी हसली. मामा हसले नाहीत. त्यांनी ते पान उघडून माझ्यासमोर ठेवलं आणि मी चहाचे पैसे देऊ लागलो.

वह्या आता सतरा झाल्या आहेत. मामींनी त्या लोणच्याच्या बरण्यांमागे रचल्या आहेत. कुणी मागितल्या तर देऊ म्हणतात. अजून कुणी मागितलेल्या नाहीत.

कधी बऱ्हाणपूरला आलात आणि रविवारी पूल ओलांडून जैनाबादकडे गेलात, तर गळ्यात दोऱ्याने पेन बांधलेला एक म्हातारा तुमच्याकडे येईल. पळून जाऊ नका. चौदाच्या चौदा प्रश्नांची उत्तरं द्या, हेतू 'इतर' असला तर खुशाल 'इतर' सांगा. शेवटचा प्रश्न आहे, 'पुन्हा याल का?' तिथे यायचं असेल तरच 'हो' म्हणा. मामा पुढच्या रविवारी नावानिशी वाट बघतात.