नेटवर्कवाले

प्रत्येक मोठ्या ऑफिसात, इस्पितळात, हॉटेलात एक नेटवर्कवाले असतात. भर मे महिन्यात स्वेटर, कारण सर्व्हर रूमचा एसी 18 वर. खिशात पेनाऐवजी क्रिंपिंग टूल. बोलणं बेताचं, ऐकणं भरपूर. लिफ्टमध्ये दोघं कुजबुजले की यांचे कान टवकारलेच. पण ऐकलेलं गावभर करणार नाहीत; ज्याचं त्याला सांगतील. सोसायटीच्या ग्रुपवर 'शुभ सकाळ' पडलं की मात्र यांचं डोकं फिरतं. "ज्यांनी मागितलं नाही त्यांच्या गळ्यात कशाला?"

म्हणूनच आयजीएमपी स्नूपिंगवर यांचा जीव. साध्या स्विचकडे मल्टिकास्ट, म्हणजे एकदाच पाठवलेला पण अनेकांसाठीचा प्रवाह, आला की तो सगळ्या पोर्टांवर ओतून मोकळा होतो. हॉटेलात 40 वाहिन्या, प्रत्येकी 8 मेगाबिट धरा. पाहुणा एकच मॅच बघतोय आणि त्याच्या 100 मेगाबिटच्या पोर्टावर 320 चा लोंढा! स्नूपिंग चालू केलं की स्विच टीव्ही आणि राउटरमधलं बोलणं मुकाट ऐकतो. कोणी 'मला हा ग्रुप हवा' म्हटलं की ते पोर्ट तक्त्यात टिपतो आणि प्रवाह तेवढ्यापुरताच सोडतो.

"म्हणजे चोरून ऐकायचं?" साहेबांनी एकदा विचारलं.

"आरएफसी 4541 मध्ये छापलंय साहेब, 2006 सालीच." हा आरएफसी म्हणजे इंटरनेटचं मानक नसून नुसता माहितीवजा कागद आहे, हे काही ते सांगत नाहीत.

यांची खरी कळी खुलते ती टीव्ही चार-सव्वाचार मिनिटांनी गोठायला लागला की. मॅनेजर बॉक्स बदलतो, केबल बदलतो, आवाज चढवतो. हे शांतपणे घड्याळ लावून बसतात. 260 सेकंद! "अहो, विचारणारंच कोणी नाही!" एरवी राउटर दर 125 सेकंदांनी विचारतो, अजून कोणाला हवंय का? तशा दोन फेऱ्या आणि वर 10 सेकंद उत्तराविना गेली की स्विच नाव खोडतो. राउटरवर मल्टिकास्टच बंद असेल, तर पंगत बसलेली आणि वाढपी गायब. टीव्ही बिचारा विचारल्याशिवाय पुन्हा मागत नाही. मग हे स्विचवरच क्वेरिअर, म्हणजे विचारणारा, चालू करतात. दोन क्वेरिअर समोरासमोर आले तर लहान आयपी पत्त्याचा निवडून येतो, दुसरा निमूट गप्प बसतो. आपल्या सोसायटीची निवडणूक अशी व्हावी, ही यांची जुनी इच्छा.

एखादा नवशिका येऊन स्नूपिंगच बंद करतो. टीव्ही लगेच चालतो, मॅनेजर खूश, आणि संध्याकाळी खोल्या भरल्या की अख्खं नेटवर्क रांगायला लागतं. अशा माणसाशी नेटवर्कवाले चहासुद्धा पीत नाहीत. आणि यात त्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही.

तेव्हा तुमच्याकडचा टीव्ही असा घड्याळ लावल्यासारखा थांबत असेल, तर कृपा करून बॉक्स बदलू नका. क्वेरिअर कोण आहे, ते आधी विचारा.