भुकेचा इथे काय संबंध

आमच्या घरात भूक लागली म्हणून कोणी जेवल्याचं मला आठवत नाही. साडेबारा वाजले म्हणून जेवतात. कुकर उघडला म्हणून जेवतात. पाहुणे पानावर बसलेत, त्यांना अवघडल्यासारखं वाटायला नको म्हणून जेवण झालेलं असताना पुन्हा बसतात. वाटीभर भाजी उरली की "एवढीशी काय ठेवायची, टाक संपवून" असं म्हणत ती माझ्याच पानात येते. आणि उपास असेल त्या दिवशी तर दोन घास जास्तच जातात, कारण मग दिवसभर काही नसतं.

तेव्हा भूक कमी करणारी गोळी आमच्या घरात काय करणार, हा प्रश्न खरं तर आधीच पडायला हवा होता. पण तो मला पडला नाही, डॉक्टरांना पडला नाही आणि ती गोळी शोधणाऱ्या डेन्मार्कच्या शास्त्रज्ञांना तर पडायचं काही कारणच नव्हतं. त्यांना आई ठाऊक नव्हती.

मला मधुमेह आहे आणि वजनही आहे. मधुमेह स्वकष्टार्जित, वजन वडिलोपार्जित. या दोन्हींच्या तज्ज्ञांकडे पुण्यात प्रत्यक्ष जायचं म्हणजे गाडी लावायला जागा शोधण्यातच निम्मी कॅलरी खर्च होते, आणि वर वाट बघायच्या खोलीत कोणीतरी ओळखीचं भेटतंच. "तुम्ही इकडे कसे?" असं विचारताना त्याची नजर बरोबर पोटावर असते. म्हणून मुलगी म्हणाली, "बाबा, व्हिडिओवर दाखवू या." नागपूरच्या एक डॉक्टरीणबाई ठरल्या. हे सगळं रीतसर चालतं बरं का. 25 मार्च 2020 ला, म्हणजे ज्या दिवशी अख्खा देश दाराला कडी लावून आत बसला त्याच दिवशी, टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचना निघाल्या. त्यात एक नामी कलम आहे : रुग्णाने आपणहून कॉल लावला की त्याची संमती आहे असं धरून चालायचं. घरातल्या बाकीच्यांच्या संमतीबद्दल त्यात अक्षर नाही.

व्हिडिओवर तपासून घेण्याचा मोठा फायदा असा, की डॉक्टरांना मी डोक्यापासून शर्टाच्या दुसऱ्या बटणापर्यंतच दिसत होतो. तेवढ्या भागात मी बरा आहे. तक्रारीचा सगळा मुद्देमाल टेबलाखाली होता.

"काका, जरा उभे राहता का?" डॉक्टर म्हणाल्या. "थोडे मागे व्हा. अजून मागे. अजून." मी पार ओट्याला टेकलो तेव्हा कुठे पूर्ण मावलो. ओट्याशी आई होती, त्यामुळे तीही मावली, आणि त्या क्षणापासून ही तपासणी दोघांची राहिली नाही.

"कमरेचं माप लागेल. टेप आहे?"

शिवणाच्या डब्यातून टेप आली. "बेंबीवरून घेऊ का हो?" बायकोने स्क्रीनला विचारलं.

"नाही काकू. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड, यांच्या बरोबर मध्ये."

बायको बरगडी शोधू लागली. इतक्या वर्षांच्या संसारात माझी शेवटची बरगडी कुठे आहे यावर आमचं कधी बोलणंच झालं नव्हतं. तिने वरून शोधली, खालून शोधली, शेवटी मी सांगितलं तिथे आहे असं धरून चाललो.

"श्वास सोडा अहो."

"सोडलाय."

"मग हे काय आहे?"

हे एकशे चार सेंटिमीटर होतं. आपल्याकडच्या पुरुषाची कंबर नव्वदच्या आत हवी. मग बीएमआय काढला, तो एकोणतीस. हे गणित बेल्जियमच्या केटले नावाच्या माणसाने 1830 च्या दशकात मांडलं. तो मुळात गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ होता. ग्रहताऱ्यांचं आवरून झाल्यावर माणसांकडे वळला असावा. पाश्चात्त्यांना तीसच्या पुढे लठ्ठ म्हणतात, आपल्याला पंचविसाला. म्हणजे मुंबईच्या विमानतळावर लठ्ठ म्हणून चढलेला मी न्यूयॉर्कला उतरताना नुसता अंगाने भरलेला असतो. तिकिटात हा फायदा कोणी लिहीत नाही.

हा भेदभाव कशाला, असं मला वाटलं होतं. पण याचा पुरावा आमच्या पुण्यातच आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारीशेजारी काढलेला फोटो 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय एकच, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. दिसायला सडपातळ आणि आतून साठेबाज, अशी आपली घडण. जागतिक कीर्तीच्या नियतकालिकात स्वतःचीच चरबी पुराव्यादाखल देणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर आहे. मी तर ती टेबलाखाली लपवत होतो.

मग प्रश्न सुरू झाले. स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का? पित्ताशयात खडे? घरात कोणाला थायरॉईडचा कॅन्सर?

"आमच्यात कोणाला थायरॉईड नाही," आई ओट्यावरून म्हणाली. "फक्त राग आहे. तो यांच्याकडून आला." यांच्याकडून म्हणजे भिंतीवरच्या फोटोतल्या माझ्या वडिलांकडून.

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं की नाही कळलं नाही. पण गोळीही लगेच लिहून दिली नाही. आधी रक्ताचे रिपोर्ट पाठवा म्हणाल्या, आणि डोळ्यांचा पडदा एखाद्या डॉक्टरला प्रत्यक्ष दाखवून या. साखर झपाट्याने खाली आली तर पडद्याला त्रास होऊ शकतो. मार्गदर्शक सूचनांत तशी सोय आहेच, समक्ष पाहिल्याशिवाय भागत नसेल तर डॉक्टर तसं सांगू शकतात. मला बाई आवडल्या. पण घरबसल्या उपचारासाठी मी गावभर हिंडलो हेही खरं. लॅब, मग डोळ्यांचा दवाखाना, तिथे बाहुल्या मोठ्या करायचे थेंब, मग धूसर पुण्यातून रिक्षाने घरी. वाट बघायच्या खोलीत अर्थातच ओळखीचे भेटले.

रिपोर्ट बघून पुढच्या कॉलला गोळी मिळाली : सेमाग्लुटाईड. चिठ्ठी मोबाइलवर आली, डॉक्टरांच्या नोंदणी क्रमांकासकट. केमिस्टने मोबाइल लांब धरून वाचला आणि दुकानातल्या सगळ्यांसाठी विचारलं, "शुगरसाठी का वजनासाठी?" "शुगरसाठी," मी म्हणालो. ते खरंच होतं; ही गोळी इथे मधुमेहावरचं औषध म्हणूनच आली. पण मागच्या गृहस्थांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि त्यांचा विश्वास बसला नाही. 2026 च्या मार्चमध्ये सेमाग्लुटाईडचं भारतातलं पेटंट संपलं, तेव्हापासून आमच्या सोसायटीतला जो तो या विषयातला जाणकार झाला आहे.

आता गोळीचे नियम. सकाळी उठल्याउठल्या, अनशापोटी, अर्ध्या पेल्यापेक्षा कमी पाण्याबरोबर. एकशे वीस मिलीच्या वर पाणी नाही. त्यानंतर अर्धा तास काहीही नाही. खाणं नाही, दुसरी गोळी नाही, चहा नाही.

चहा नाही!

याला कारण आहे. इन्सुलिनसारखं हे औषधही खरं टोचूनच घ्यायचं. पोटातलं आम्ल आणि पाचक रस त्याचा फडशा पाडतात. म्हणून गोळीत स्नॅक नावाचा एक क्षार घातलाय. तो गोळी जिथे पडेल तिथल्यापुरतं आम्ल शांत करतो आणि जठराच्या अस्तरातून औषध आत सरकवतो. एवढा खटाटोप करून रक्तात पोचतं ते जेमतेम शंभरातलं एक. सरकारच्या एका रुपयातले पंधरा पैसेच लोकांपर्यंत पोचतात, असं राजीव गांधी 1985 साली म्हणाले होते. त्या हिशेबाने सरकार बरंच कार्यक्षम म्हणायला हवं. इथे एक पैसा पोचतो, आणि त्यावर पेलाभर पाणी किंवा घोटभर चहा पडला तर तोही वाटेत गडप.

तर सहा वाजता गोळी आणि साडेसहापर्यंत मी नुसता बसलेला. समोर आई. आलं ठेचण्याचा आवाज, मग चहाचा वास, मग बशीत ओतताना निघणारी ती वाफ. आई बशी दोन्ही हातांत धरते, फुंकर घालते आणि पहिल्या घोटाला डोळे मिटते. मग एक डोळा उघडून घड्याळाकडे बघते. "वीस मिनिटं आहेत अजून," ती सांगते. दयेपोटी सांगते, पण बशी खाली ठेवत नाही.

औषधाने काम केलं का? केलं. सुरुवातीची तीन मिलिग्रॅमची गोळी नुसती अंगवळणी पडावी म्हणून असते, तरी मळमळ तिने लगेच दिली. सातची सुरू झाली आणि एका दुपारी पोळीचा चौथा तुकडा मोडताना माझ्या लक्षात आलं, की पोट भरलंय. हे मला इतकं नवीन होतं की मी हातातला तुकडा तसाच धरून बसलो.

"काय झालं?" आई.

"भूक नाही."

"भुकेचा इथे काय संबंध? वाढलेलं पानात टाकायचं नसतं."

माझी बाजू घ्यायला म्हणून मुलीने आजीला शास्त्र सांगायला घेतलं. या औषधांच्या घराण्यातलं पहिलं औषध, एक्झेनाटाईड, 2005 साली आलं. त्याचं मूळ सापडलं अमेरिकेच्या वाळवंटातल्या गिला मॉन्स्टर नावाच्या एका विषारी सरड्याच्या लाळेत. हा प्राणी वर्षातून मोजक्या वेळा जेवतो.

आईचा घास थांबला. "सरड्याची लाळ? देवघराशेजारच्या कपाटात ठेवलीय मी ती डबी."

"बाबांच्या गोळीत सरडा नाही गं आजी. हे माणसाच्याच आतड्यातल्या हार्मोनवरून बेतलंय. यीस्टमध्ये तयार करतात."

"यीस्ट म्हणजे पावात घालतात ते?"

"हो."

"मग त्याला पाव बंद केलाय तो कशासाठी?"

याचं उत्तर मुलीकडे नव्हतं. डबी मात्र बाथरूमशेजारच्या कपाटात गेली.

गोळी भुकेशी लढते. आग्रहाशी लढायचं तिच्या तालमीत नाही. मुंजीच्या पंगतीत "एवढी एकच जिलबी, माझ्या हातची" म्हणणाऱ्या मामीला मेंदूतलं कुठलं केंद्र शांत झालंय याच्याशी देणंघेणं नसतं. मी पानावर आडवा हात धरला, तिने तो उचलून बाजूला ठेवला. "डॉक्टरांनी नको सांगितलंय" म्हणून पाहिलं, तर "ते पुण्यात आहेत का बघायला?" असं उत्तर आलं. नागपूरला आहेत म्हटल्यावर मामीने दोन वाढल्या. त्यातल्या त्यात चाललेली युक्ती म्हणजे तोंडात घास असताना सतत कोणालातरी वाढत राहणं. वाढणाऱ्याला कोणी वाढत नाही. त्या सोहळ्यात मी इतकं वाढलं, की यजमानांनी मला आहेर देताना "घरचं कार्य असल्यासारखे राबलात" म्हटलं.

वजन उतरलं. पट्ट्याचं भोक बदललं, इतपत उतरलं. पुढच्या व्हिडिओ कॉलला डॉक्टर खूश होत्या. मला ओट्यापर्यंत मागे जायला सांगितलं, मी गेलो. तिथे आई होतीच.

"आजी, काका आता कमी जेवतात ना?"

"जेवतो कुठे, टोचा मारतो नुसता." आई चष्मा पुसत स्क्रीनजवळ आली. "पण तुमचं तोंड का असं उतरलंय? जेवलात का?"

"नाही हो आजी. आज ओपीडी लांबली. भूकच मेली आता."

चुकीच्या घरात हे वाक्य बोलल्या बाई. "अगं, तीन वाजले! डबा आणलायस की नाही? काय आहे डब्यात? मेथी? मग उघड तो. मला काही घाई नाही, मी बसते इथे. तू आधी चार घास खा."

डॉक्टर हसल्या, नको नको म्हणाल्या, आणि मग आम्ही तिघंचौघं बघत असताना त्यांनी खरोखर डबा उघडला. दोन पोळ्या होत्या. आईने त्या संपेपर्यंत कॉल ठेवू दिला नाही. नंतर चिठ्ठी आली. गोळी तीच, डोस तोच. खाली एक नवी ओळ होती : पुढील तपासणी व्हिडिओवर नको, फोनवर चालेल.