लक्ष्मीचा काष्टा

जुन्या वाड्यातल्या लक्ष्मीच्या तसबिरीची खालची कड कधी ओल्या फडक्याने पुसून पाहावी. उदबत्तीच्या काजळीखालून पुष्कळदा बारीक इंग्रजी अक्षरं निघतात : रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा. क्षीरसागरातून वर आली असं आपण जिच्याबद्दल मानतो, ती आपल्याकडे आली लोणावळ्याजवळच्या मळवलीहून. आज आपण लोणावळ्याहून चिक्की आणतो; आपल्या पणज्यांच्या काळी तिकडून देव यायचे.

या लक्ष्मीचं माहेर कुठलं, असा प्रश्न आमच्या इमारतीत एका नवरात्रात निघाला. आमच्या घरातून उत्तर आलं, की ही काही मराठी बाई नव्हे. नऊवारी म्हणावी तर काष्टा कुठाय? शेजारच्या मलयाळी वहिनींनी चष्मा पुसून तसबीर पाहिली आणि म्हणाल्या, "आमची तर नाहीच. आमच्या आज्ज्या कुठे साडी नेसायच्या? मुंडू असायचा, पांढरा." दोन्ही पक्षांनी हात झटकल्यावर देवी बेवारस ठरण्याची वेळ आली. चित्रकाराने तिला जरा पाठमोरी उभी केली असती, तर काष्ट्याचा निकाल जागच्या जागी लागला असता. पण पाठमोऱ्या लक्ष्मीची पूजा कोण करणार?

या तसबिरीचे चित्रकार राजा रविवर्मा 1848 साली त्रावणकोर संस्थानातल्या किळिमानूरला जन्मले. घराणं मातृवंशाचं, त्यामुळे घरात वजन मामाचं. चित्रकलेचे पहिले धडेही मामानेच दिले. तशाच एका घराचं चित्र त्यांनी 1893च्या सुमारास काढलं. इंग्रजीतल्या नावाचा अर्थ 'ते बघ, बाबा आले'. पांढरंशुभ्र वस्त्र ल्यालेली एक नायर स्त्री, कडेवर गुटगुटीत मूल, पायाशी कुत्रा, आणि तिचं बोट चौकटीबाहेर कुठेतरी. मॉडेल त्यांची स्वतःचीच मुलगी. चित्रात सगळे आहेत. ज्यांच्या नावाने चित्र आहे ते बाबा तेवढे नाहीत. मला हे चित्र फार आवडतं. जिथे नवरा बायकोच्या घरी पाहुण्यासारखा यायचा, तिथे बाबा 'येतात', 'असतात' असं नाही, हे चित्रकाराने न बोलता सांगितलंय. आपल्याकडच्या चित्रकाराने हाच विषय घेतला असता, तर बाबा मधोमध खुर्चीवर बसले असते आणि बाई चहाचा कप घेऊन कडेला उभी असती. कुत्र्याला बहुधा अंगणातच ठेवलं असतं.

अशा घरातून निघालेला माणूस बडोद्याला आणि मुंबईला आला. तिथे त्याला भेटला दुसरा संसार : लुगडी, नथी, अंबाडे, नाटकं, आणि पोटापुरतं नव्हे तर छापखाना काढण्याइतपत चालणारं गिऱ्हाईक. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांसाठी पुराणातली चित्रं काढायची, तर पुराणातल्या बायकांना नेसवायचं काय, हा प्रश्न पडला. रविवर्मा भावाला घेऊन देशभर हिंडले, आणि सगळ्या देशाचा म्हणावा असा पोशाख काही सापडला नाही. (आजही सापडायचा नाही. पण आज त्यासाठी समिती नेमतील.) अखेर त्यांच्या दमयंती-शकुंतलांच्या अंगावर दक्खनी लुगड्याची चुणी आली. त्या लुगड्याच्या आत मात्र किळिमानूरची बाई राहिली असावी, असा मला संशय आहे. पुराव्यासाठी त्यांची सरस्वती पाहा. मोर शेजारी, वीणा मांडीवर, आणि वस्त्र पुन्हा पांढरंच, सोनेरी काठाचं. लक्ष्मीच्या कमळाखालचं पाणीही मला आपल्या विहिरीचं वाटत नाही. आणि तिच्या मागे सोंडेत हार घेऊन उभा असलेला हत्ती? आमच्या पुण्यात हत्ती पाहायचा तर तिकीट काढावं लागतं. तिकडे तो देवळात नोकरीला असतो.

हे सगळं पुणे-मुंबईच्या भिंतींवर पोचवायची युक्ती ज्याने सुचवली, तोही दोन घरांचाच माणूस : सर टी. माधवराव, कुंभकोणचे तंजावरी मराठी, आधी त्रावणकोरचे आणि मग बडोद्याचे दिवाण. मागणी एवढी आहे, तर प्रत्येकासाठी नवं चित्र काढत बसण्यापेक्षा छापून घ्या, असा त्यांचा रोखठोक सल्ला. कारभाऱ्याच्या डोक्याला साजेसाच. 1894 साली मुंबईत छापखाना उभा राहिला, जर्मनीहून यंत्रं आली. त्या छपाईत एकेका रंगाला एकेक दगड लागे. गालाच्या लालीचा दगड वेगळा, पदराच्या सावलीचा वेगळा, सोन्याच्या चमकीचा वेगळा, आणि एकाच कागदावर ते सगळे केसभरही न सरकता उमटले पाहिजेत. एखादा दगड हलला, तर देवीचं कुंकू भुवईवर जायचं. शेवटी वर वार्निशाचा हात. इतके धोंडे उचलून लक्ष्मी हलक्याफुलक्या कमळावर उभी केली, हे कारागिरांचं खरं कौतुक.

मुंबईत प्लेगने धुमाकूळ घातला, धंदा कर्जात रुतला. छापखाना मळवलीला हलला आणि पुढे काही वर्षांत तिथल्याच जर्मन तंत्रज्ञाने, फ्रिट्झ श्लायखर याने, तो विकत घेतला. म्हणजे मलयाळी माणसाने काढलेल्या, मराठी वळणाचं लुगडं नेसलेल्या देवी जर्मन मालकाच्या देखरेखीखाली मावळात छापल्या जाऊ लागल्या, आणि तिथल्या दगडांशी काही काळ झटापट केलेला धुंडिराज गोविंद फाळके नावाचा तरुण पुढे देवांना पडद्यावर चालवायला निघाला. इतकी सरमिसळ आजच्या एखाद्या चळवळ्या माणसाच्या नजरेस पडली, तर तो मोर्चाच काढेल. घरोघरच्या बायकांनी तसलं काही केलं नाही. त्यांनी सरळ त्या कागदी देवीवर जर आणि टिकल्या चिकटवल्या, खरं कापड शिवून पदर केला आणि तिला आपल्या पसंतीची करून टाकली. कलासमीक्षकांना रविवर्मा पुष्कळदा खुपले. भगिनी निवेदितांना तर जमिनीवर पालथी पडून पत्र लिहिणारी शकुंतला अजिबात रुचली नव्हती. पण टिकल्या लावणाऱ्या बायकांचा निकाल अपिलात कधी फिरला नाही.

या देवघेवीत महाराष्ट्राचं एक येणं मात्र अजून बाकी आहे. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात एक चित्र आहे : हातात दिवा धरलेली बाई, दुसऱ्या हाताने ज्योत झाकतेय, आणि बोटांच्या कडांतून उजेड झिरपतोय. पाहायला आलेले दहातले आठजण "वा, रविवर्मा!" म्हणून पुढे सरकतात. ते चित्र सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं, जलरंगातलं. मॉडेल म्हणून त्यांची स्वतःची मुलगी उभी राहिली होती. मागच्या वेळी मी तिथे उभा असताना एका मराठी कुटुंबाचा म्होरक्या मुलांना रविवर्म्यांचा मोठेपणा सांगत होता. मी मध्ये बोललो. त्याने माझ्याकडे वरून खाली पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही सावंतवाडीचे का?"