मत्स्यगृह तापमान नियमावली (आदिलाबाद शहर व परिसर, काटकसर आवृत्ती)

उद्देश

आदिलाबादेत मे महिन्यात पारा ४५ अंशांना जाऊन टेकतो आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटे एक आकडी होतो. २०१६ साली आमच्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. तेव्हा जंगल, कोळसा आणि कचेऱ्या वाटल्या गेल्या. थंडी मात्र चारही भावांत अविभक्त राहिली. अशा गावात, २४ ते २८ अंशांच्या पाण्यात सुखी असणारा गप्पी दिवाणखान्यात आणून ठेवणे हा कायद्याने गुन्हा नाही. मात्र एकदा आणला की पुढची जबाबदारी आणणाऱ्याची, आणि तो बहुधा शाळेत जाणारा असल्याने, त्याच्या बापाची. सदर नियमावली अशा बापांच्या सोयीसाठी जारी करण्यात येत आहे.

व्याख्या

(अ) ‘मासा’ म्हणजे विकत आणलेला व खायचा नसलेला मासा.
(आ) ‘तापमान’ म्हणजे थर्मामीटरने दाखवलेले. वडिलांनी बोट बुडवून, आजीने टाकीला हात लावून किंवा चिरंजीवांनी मोबाईलवर हवामान पाहून सांगितलेले तापमान ग्राह्य धरले जाणार नाही. मोबाईल गावाचे तापमान सांगतो; मासे गावात राहत नाहीत.
(इ) ‘काटकसर’ म्हणजे ज्या खर्चाची घरात कल्पना देता येते असा खर्च.

कलम १ : घाई

मासा उन्हाने किंवा थंडीने जितका हैराण होतो, त्यापेक्षा जास्त घाईने होतो. हळूहळू ३० अंशांवर गेलेले पाणी गप्पी निभावून नेतो. पण तासाभरात पाच-सहा अंश वरखाली झाले की तो कोपऱ्यात पंख मिटून बसतो आणि पुढच्या काही दिवसांत अंगावर साखरेच्या दाण्यांसारखे पांढरे ठिपके घेऊन हजर होतो. म्हणून या नियमावलीतले प्रत्येक कलम एकच गोष्ट निरनिराळ्या शब्दांत सांगते : पाण्याला बदलायला उशीर करायला लावा. उशीर फुकट मिळतो, आणि आपल्याकडे मुबलक आहे.

कलम २ : टाकीचा आकार

काटकसरीचा पहिला मोह म्हणजे लहान टाकी. काचेचा गोल वाडगा स्वस्त पडतो, शोकेसवर मावतो आणि त्यातले चार लिटर पाणी दुपारी चहाच्या दिशेने व पहाटे कुल्फीच्या दिशेने निघते. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी टाकी घ्यावी. वाळू-दगड घालून, वर बोटभर जागा सोडून तिच्यात सुमारे ५० लिटर पाणी राहते. एवढ्या पाण्याला एका अंशाने चढायला किंवा उतरायलाही बऱ्यापैकी वेळ लागतो. थोडक्यात, पाणी जितके जास्त तितके ते सरकारी.

कलम ३ : जागा

टाकी पश्चिमेच्या खिडकीत ठेवू नये. टीव्हीच्या डोक्यावर, फ्रिजच्या शेजारी व दारासमोर ठेवू नये. एवढी ठिकाणे वगळल्यावर घरात जी एक जागा उरते तिथे आधीच देव्हारा असतो. वाटाघाटी सौजन्याने कराव्यात.

खोलीत कूलर असल्यास उत्तम, मात्र त्याचा झोत थेट टाकीवर नसावा. कूलर दिवसातून चारदा चालू-बंद होतो, आणि मासा प्रत्येक वेळी ऋतू बदलला असे समजतो.

कलम ४ : हिवाळा (थर्मोकोल व गोधडी)

नव्या टीव्हीच्या खोक्यातला थर्मोकोल टाकू नये. तो टाकीच्या तळाखाली, पाठीमागे व दोन्ही बाजूंना लावावा. समोरची काच मोकळी ठेवावी, कारण आपण मासे पाहण्यासाठी आणले होते. वर काचेचे झाकण ठेवावे, हवेसाठी फट सोडून. पाण्याची उष्णता सर्वांत जास्त वरून पळते, वाफेच्या रूपाने. झाकण ती वाट अडवते.

रात्री समोरून गोधडी टाकायला हरकत नाही. आमच्या आईने तिच्या जुन्या नऊवारीची शिवलेली गोधडी याकामी उदार मनाने दिली. पहिल्याच रात्री तिचे एक टोक पाण्यात बुडाले. कापड वातीसारखे पाणी ओढते हे आम्ही सहावीत शिकलो होतो. गोधडीने त्याची रात्रभर उजळणी घेतली. सकाळी टाकीत तीन बोटे पाणी कमी होते आणि फरशीवर शेजारीण उभी होती. “काऊन बापा, मासे धुतले का?” तिने विचारले. तेव्हापासून नियम असा की गोधडी काठाच्या चार बोटे खाली संपावी, आणि हवेच्या पंपावर व दिव्यावर कधीच पडू नये.

कलम ५ : हीटर

एवढे करूनही जानेवारीत पाणी २० च्या खाली जाते. मग थर्मोस्टॅटवाला, टाकीसाठीच बनवलेला हीटर घ्यावा. लिटरला एक वॉट असा ढोबळ हिशोब आहे. म्हणजे आपल्या टाकीला ५० वॉट. तो पाणी एका अंशाने तापवायला सत्तर मिनिटे घेतो, आणि हीच त्याची थोरवी. दिवसातून निम्मा वेळ चालला तर महिन्याला १८ युनिट वीज लागते. हा आकडा घरात आधीच सांगून ठेवावा. बिल आल्यावर सांगितलेला आकडा कोणी ऐकत नाही.

आंघोळीचे पाणी तापवायची सळई टाकीत सोडण्याची सूचना दरवर्षी कोणीतरी पाहुणा करतो. १००० वॉटची सळई त्याच ५० लिटरला साडेतीन मिनिटांत एक अंश चढवते, म्हणजे अर्ध्या तासात आठ-नऊ अंश. त्यानंतर जे तयार होते त्याला मत्स्यालय म्हणत नाहीत. त्यात फक्त कोथिंबीर घालायची राहते. शिवाय सळईला थर्मोस्टॅट नसतो आणि विजेला विनोद कळत नाही.

पाणी बदलताना हीटरचे बटण आधी बंद करावे आणि तो गार होईपर्यंत थांबावे. तापलेली काच हवेत उघडी पडून पुन्हा पाण्यात गेली की तडकते. वायर टाकीपासून खाली झोका घेऊन मग प्लगकडे वर जावी, म्हणजे ओघळणारे थेंब प्लगऐवजी फरशीवर पडतील. फरशीला सवय आहे.

कलम ६ : उन्हाळा (पंखा)

सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की आपण त्या नऊ दिवसांना नवतपा म्हणतो. तेलुगू शेजारी म्हणतात, रोहिणीत दगडी उखळही तडकते. मत्स्यगृहाची परीक्षा खरी याच दिवसांत.

पाणी थंड करणारे यंत्र मिळते, पण त्याची किंमत ऐकून मालकच थंड होतो. त्यापेक्षा माठाकडे पाहावे. माठ पाझरतो, पाझरलेले पाणी वाळते, आणि वाळताना आतली उष्णता घेऊन जाते. तेच काम काचेच्या टाकीकडून करून घ्यायचे. झाकण काढावे, त्या जागी मच्छरदाणीचा तुकडा ताणून बांधावा (मोली उडी मारते), आणि जुन्या कॉम्प्युटरमधला लहान पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपा वारा घालील असा बसवावा.

हिशोब ऐकण्यासारखा आहे. एक लिटर पाणी वाफ होऊन गेले तर ते जी उष्णता नेते, तेवढ्याने ५० लिटर पाणी अकरा अंशांनी उतरले असते. प्रत्यक्षात खोलीची हवा ती उष्णता उलट्या बाजूने भरत राहते, म्हणून पदरात दोन ते चार अंश पडतात. पण ३४ चे ३१ होणे हे माशाच्या दृष्टीने महाबळेश्वर आहे. इथली मे महिन्यातली कोरडी हवा, जिच्याने ओठ फाटतात, तीच या कामात आपल्या बाजूने लढते. मृगाचा पाऊस आला की हवा दमट होऊन पंखा निकामी होतो. पण तोवर तापही ओसरलेला असतो.

उडालेले पाणी रोज भरावे. वाफ एकटी जाते, क्षार मागे ठेवते; बोअरच्या जड पाण्यावर चालणाऱ्या घरात काचेवर पांढरी रेघ दिसू लागते. म्हणून नुसती भर न घालता दर आठवड्याला पाचवा हिस्सा पाणी बदलावे.

कलम ७ : बर्फ

उघडा बर्फ टाकीत टाकू नये. अर्ध्या लिटरची बाटली पाणी भरून गोठवावी, झाकण घट्ट लावून टाकीत तरंगत सोडावी. अशी एक बाटली ५० लिटर पाण्याला साधारण एक अंश खाली आणते. एका वेळी एकच. चार बाटल्या एकदम सोडणारा मनुष्य माशांवर माया करतो, परंतु कलम १ वाचत नाही.

कलम ८ : गच्चीवरची टाकी

गच्चीवरच्या प्लास्टिकच्या टाकीतले पाणी मे महिन्यात दुपारी हात भाजते आणि जानेवारीत सकाळी हाडे गोठवते. ते सरळ मत्स्यगृहात ओतणे म्हणजे वरील सात कलमे गटारात ओतणे. आदल्या रात्री बादली भरून टाकीच्या शेजारी ठेवावी. सकाळपर्यंत दोन्ही पाणी एका मताचे होते, आणि नळाच्या पाण्यातला क्लोरीनही बराचसा उडून जातो. सर्व उपायांत हा सर्वांत परिणामकारक, आणि याला एक पैसा लागत नाही. लागते ती एक बादली, जी कोणीतरी पाय धुवायला नेते. बादलीवर ‘मासे’ असे लिहावे.

कलम ९ : वीज गेल्यास

२० अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांत साडेसात. उन्हाळ्यात माशाला श्वास जास्त लागतो आणि पाणी कमी देते. पंप बंद पडला की मासे वर येऊन तोंडे उघडतात. पाहुण्यांना वाटते, खायला मागतात. खायला घालू नये. मग्याने पाणी उचलून हातभर उंचीवरून परत ओतावे, दर काही मिनिटांनी, वीज येईपर्यंत. या वेळेत मनुष्य बरेच चिंतन करतो.

थंडीतही खाणे निम्मे करावे. गार पाण्यात माशाचे पचन मंदावते आणि उरलेले अन्न सडते.

कलम १० : माशांची निवड

गोल्डफिशला २० च्या आसपासचे पाणी आवडते, गप्पी-मोलीला २६ चे. दोघांना एका टाकीत ठेवणारे लग्नाच्या मध्यस्थीचे काम उत्तम करतील. आपल्या ऋतूंना खरा टिकतो तो मरळ, तेलुगूत कोर्रमीनू, तेलंगणचा राज्यमासा. तो वरची हवा घेऊन उन्हाळ्यातल्या आटत्या गाळातही तग धरतो. अडचण एवढीच की तो गप्पी खातो, आणि आपण त्याला. मृगाच्या दिवशी साऱ्या तेलंगणात मासे खाण्याची चाल आहे. त्या दिवशी आलेले पाहुणे टाकीकडे ज्या नजरेने पाहतात ती लक्षात घेऊन समोर गोधडी टाकावी. कलम ४ मधली अट लागू.

समारोप

वरील सर्व पाळल्यास टाकी हिवाळ्यात २५ च्या आसपास आणि उन्हाळ्यात ३०-३१ वर राहू शकते, म्हणजे घरातल्या इतर कोणाहीपेक्षा बरी. रोज सकाळी आणि दुपारी थर्मामीटर वाचून वहीत आकडा लिहावा. दोन आकड्यांतले अंतर दोन अंशांच्या आत असेल तर त्या दिवशी काहीही करू नये, कारण काहीतरी करून पाहणाऱ्या माणसांनीच जास्त मासे मारले आहेत.

आधी थर्मामीटर आणा, मग टाकी, आणि पाणी तीन-चार आठवडे मुरल्यावर मासे. आम्ही उलट्या क्रमाने आणले होते.