आयसी बदलून बघू

हा प्राणी इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलपासून निवृत्तांच्या माळ्यावरच्या खोलीपर्यंत कुठेही आढळतो. ब्रेडबोर्डवर त्याने एलएम ३५८ हा ऑप-अँप खोचलेला असतो. एका इनपुटला एलडीआर, दुसऱ्याला प्रीसेट. अंधार पडला की पाच व्होल्ट, उजाडलं की शून्य, एवढीच त्याची माफक अपेक्षा. मल्टिमीटर दाखवतो ३.६. तो प्रोब उचलून पुन्हा टेकवतो, मीटरला दोन चापट्या मारतो आणि निकाल देतो, "आयसी उडाला!" त्या गरीब आठपायी जिवाला बाजू मांडायची संधीच मिळत नाही. खरं तर ते ३.६ हीच त्याची बाजू असते. ३५८चं आउटपुट वर चढताना सप्लायच्या साधारण दीड व्होल्ट खालीच थांबतं. पाचातून दीड वजा करून पाहा. उडालेला आयसी इतका हिशेबी नसतो. ७४१ची तऱ्हा उलटी. १९६८ सालचा हा बुजुर्ग अधिक-उणे १५ व्होल्टच्या थाटात वाढलेला. त्याला नुसत्या पाचावर बसवलं की तो खाली शून्यापर्यंत येतच नाही, दीड-दोन व्होल्टवर बूड टेकतो आणि 'बंद' एलईडी मिणमिणत राहतो. ५५३२ लावला तर आणखी मौज. त्याच्या दोन इनपुटांमध्ये उलटसुलट डायोड असतात. दोघांत पाऊण व्होल्टाहून जास्त अंतर पडू लागलं की एक दुसऱ्याला ओढतं आणि नीट लावलेला प्रीसेट भुताने फिरवल्यासारखा सरकतो. आणि कधी मीटर मधलाच १.८ दाखवतो, तेव्हा आउटपुट तिन्हीसांजेला वर-खाली थरथरत असतं, मीटर बिचारा सरासरी सांगतो. आउटपुटकडून धन इनपुटला एक मोठा रेझिस्टर जोडला की थरथर थांबते. आमचा नायक मात्र मीटरची बॅटरी बदलतो.

"पण पुस्तकात ऑप-अँपच कम्पॅरेटर म्हणून काढलाय," असं तो म्हणेल. काढलाय, आणि त्यात चूकही नाही. अंधार काही मायक्रोसेकंदात पडत नाही, तेव्हा ७४१चा आळसही इथे खपून जातो. फक्त पुस्तकातला त्रिकोण आदर्श असतो. त्याला सप्लायच्या पिनासुद्धा क्वचितच काढतात. "बाजारात डुप्लिकेट फार," हा त्याचा दुसरा मुद्दा. नकली माल निघतो, खरं आहे. पण तीन दुकानांतून आणलेले तिन्ही नग ३.६ वरच अडत असतील, तर लॅमिंग्टन रोडवर त्याच्याविरुद्ध कट शिजलाय असं मानण्यापेक्षा डेटाशीट उघडणं स्वस्त पडतं. डेटाशीट तो डाउनलोड करतो. पिनांचं चित्र पाहून बंद करतो.

शेवटी कुणीतरी सुचवतं की खास कम्पॅरेटरच लाव, एलएम ३९३. पिना तंतोतंत ३५८सारख्याच, म्हणून हा तो त्याच जागी खोचतो. ३९३चं आउटपुट ओपन कलेक्टर. ते खाली खेचू जाणतं, वर चढवायला सप्लायकडून पुल-अप रेझिस्टर लागतो. तो लावलेला नसतो. एलईडी आता ढिम्म पेटत नाही, आणि हा विजयी मुद्रेने म्हणतो, "बघा, हाही उडालेलाच दिला!"