रूटकाका

रूटकाकांकडे सुखोई-25टी हे लढाऊ विमान आहे. फुकटात मिळालेलं. डीसीएस वर्ल्ड हा सिम्युलेटर कॉम्प्युटरवर उतरवून घेतला, की कॉकेशसचा नकाशा आणि हे विमान एक पैसा न मोजता पदरात पडतं. मात्र त्यापायी काकांनी जॉयस्टिक, थ्रॉटल, रडर पेडल असा जो सरंजाम जमवला, त्याच्या किमतीचा विषय काकूंच्या देखत काढायचा नाही, असा आमच्या सोसायटीत अलिखित नियम आहे. एवढं करून काका विमान उडवतच नाहीत. रडर पेडलवर पाय टेकवून बसतात, तेवढाच गुडघ्यांना आराम. त्यांचा जीव अडकलाय जमिनीवरच्या ट्रकांत.

वैमानिकाला बॉम्ब टाकायला खाली काहीतरी हवं, म्हणून सिम्युलेटरमध्ये रस्त्यांवर उरल, कामाझ असले रशियन ट्रक सोडलेले असतात. उडवणाऱ्याच्या लेखी ते नुसते ठिपके. ते कुठून निघाले, कुठे चालले, याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. काकांना असतं. "कुताईसीहून सेनाकीला निघालेला ट्रक सामत्रेदियाचा सरळ रस्ता सोडून शेतातून कशाला घुसेल? कुणाच्या बापाचं डिझेल आहे?" हा प्रश्न त्यांनी मला लिफ्टमध्ये, माझ्या हातात दुधाच्या पिशव्या असताना विचारलेला आहे.

खरं तर हा रस्ता नकाशावर माऊसनं टिचक्या मारून बदलता येतो. तशी सोय सिम्युलेटरमध्येच आहे. पण "माऊसनं काय, कुणीही करील!" काका मिशनची, म्हणजे सिम्युलेटरमधल्या मोहिमेची, फाइलच उघडतात. एमआयझेड शेपटाची ती फाइल आतून साधी झिप असते. ती सोडवली की आत 'मिशन' नावाची बिनशेपटाची फाइल सापडते आणि तिच्यात लुआ भाषेतले कंसच कंस. वाटेतल्या प्रत्येक टप्प्याला एक्स, वाय, वेग, पोचायची वेळ आणि 'ऑन रोड' की 'ऑफ रोड' एवढं लिहायचं. त्यातही गंमत अशी, की इथला एक्स उत्तर-दक्षिण मोजतो आणि वाय पूर्व-पश्चिम. शून्य तिकडे क्रिमियात, त्यामुळे जॉर्जियातली गावं एक्सच्या हिशेबानं उणे लाखांत. बटुमीचा विमानतळ उणे साडेतीन लाखांच्याही पलीकडे. हे आकडे काकांना तोंडपाठ आहेत. वीजबिलावरचा ग्राहक क्रमांक मात्र काकूंना विचारावा लागतो. आणि चांदणी चौकात नवे रॅम्प झाल्यापासून मुळशीला निघालेले काका कुठल्या रस्त्याला लागतील, हे खुद्द काकाही सांगू शकत नाहीत.

वेगाचा तर त्यांनी ध्यासच घेतलाय. फाइलीत वेग सेकंदाला मीटरमध्ये असतो. ट्रक मांडला की 5.5555555555556 हा आकडा आपोआप येतो, म्हणजे ताशी 20 किलोमीटर. "भरलेला ट्रक चढाला वीसनं जातो? वरंधा घाटात ट्रकामागं अडकला नाहीस वाटतं कधी!" असं म्हणून काकांनी चढावरचे सगळे टप्पे 4.1667 वर आणले. ताशी 15. कॉकेशसच्या डोंगरात कुणी घाई करायची नाही.

या उद्योगात एखादा स्वल्पविराम जरी गळाला, तरी अख्खं मिशन उघडायला नकार देतं. मग मध्यरात्र उलटून गेली तरी काका चष्मा कपाळावर चढवून हजारो ओळी चाळत असतात, आणि आतल्या खोलीतून आवाज येतो, "अहो, सापडला का तुमचा स्वल्पविराम?" लग्नाला तीस वर्षं झाल्यावर बाईमाणूस नवऱ्याला रात्री दीड वाजता हे विचारते, यातच सगळं आलं.

पण खरं दुखणं पुलाचं. या सिम्युलेटरमधल्या गाड्यांना पूल दिसला की काय होतं कोण जाणे. पुढची थबकते, मागची तिला चिकटते, तिसरी माघारी वळते. झुगदिदीहून गालीकडे जाताना इंगुरी नदी लागते. तिथे काकांचा तांडा असा काही तुंबला, की त्यांनी त्या दिवशी जेवण अर्ध्यावर सोडलं. मग पुलाच्या अलीकडे एक टप्पा, पलीकडे एक टप्पा, दोन्ही 'ऑन रोड', दोन गाड्यांत अंतर वाढव, आकडा चार मीटर डावीकडे सरकव. एफ-7 दाबून ट्रकाशेजारी कॅमेरा लावायचा आणि बघत बसायचं. घड्याळ पळवायची सोय आहे, पण ती काका वापरत नाहीत. गाड्या वाटेत असताना ते त्यांना बरं वाटत नाही.

वऱ्हाडाच्या बसवर जीव टाकावा तसा जीव टाकलेल्या या ट्रकांवर बॉम्ब कोण टाकणार? काकांनी एकदा प्रयत्न केला. सुखोईतून खाली डोकावले, आपलाच तांडा ओळखला आणि हात हलवायचं तेवढं बाकी ठेवून परत आले. त्याच रात्री सगळे ट्रक शत्रूच्या, म्हणजे लाल पक्षाच्या कंसातून काढून आपल्या निळ्या पक्षाच्या कंसात नेऊन ठेवले. दोन्ही बाजूंची माणसं एकाच बाजूची झाली. इतकं निर्वेध युद्ध कॉकेशसनं पाहिलं नसेल.

मग दिवाळीत पुतण्या आला. त्यानं मिशन सुरू केलं, वरून चकरा मारल्या आणि विचारलं, "काका, यात शत्रू कुठे आहे?" पाहुण्याचं मन मोडायचं नाही म्हणून काकांनी ट्रक पुन्हा लाल कंसात टाकले आणि चहा करायला स्वयंपाकघरात गेले. चहा त्यांनी आयुष्यात कधी केलेला नाही. आतून नुसताच भांड्यांचा आवाज येत होता. पुतण्यानं सोळा व्हिखर क्षेपणास्त्रं लावली होती. चहा उकळायच्या आत तांड्याचा धूर झाला.

"संपले, काका!"

काका गाळणं हातात घेऊन दारात आले. "पुलाच्या अलीकडे की पलीकडे?"

"पलीकडे. पुलावरून सगळे व्यवस्थित गेले की. मग मारले."

काकांनी वळून आत हाक मारली, "अगं ऐकलंस का? गेले पुलावरून!"